यंदा दसरा कितीला?

शिर्डीत दुकान चालवणाऱ्याला पंचांगावाचून वर्षाची आखणी करता येत नाही. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि साईबाबांची पुण्यतिथी हे आमचे तीन मोठे उत्सव, आणि तिन्ही तिथीवर चालतात. बाबांनी देह ठेवला तो १५ ऑक्टोबर १९१८चा दसरा. शताब्दीचा दसरा २०१८ साली १८ ऑक्टोबरला आला. २०२१ साली मात्र तो नेमका १५ ऑक्टोबरलाच पडला. कोरोनात बंद असलेली मंदिरं आठवडाभर आधी, घटस्थापनेला उघडली होती. फुलांची ऑर्डर, नारळाची पोती, खोल्यांचं बुकिंग, सगळं ‘यंदा दसरा कितीला?’ हे विचारूनच ठरतं.

माझ्या लहानपणी याचं उत्तर दाते पंचांगात असे. सोलापूरच्या नानाशास्त्री दात्यांनी सुरू केलेलं हे पंचांग आता शंभरी ओलांडून गेलंय. पाडव्याला गुढी उभारली की आजोबा संवत्सरफल मोठ्यानं वाचत. मृगाचं वाहन बेडूक की गाढव, हे ऐकायला शेजारचे शेतकरीही येऊन बसत. त्या भाकितांवर माझा कधी विश्वास बसला नाही. गणितावर मात्र पूर्ण आहे.

ते गणित सुखासुखी हाती आलेलं नाही. जुन्या ग्रंथांवरून काढलेलं गणित आकाशाशी जुळेना, तेव्हा केरूनाना छत्रे यांनी १८६५च्या सुमारास इंग्रजी नॉटिकल अल्मनॅकचा आधार घेऊन पंचांग काढलं. पुढे लोकमान्य टिळकांनी हा प्रश्न हाती घेतला, १९२० साली सांगलीला ज्योतिष संमेलनही भरलं. तरी एकमत झालं नाही ते नाहीच. टिळक पंचांगाचा अधिक महिना अजूनही एखाद्या वर्षी वेगळा येतो.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं आणि देव्हाऱ्याजवळचं पंचांग स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलं. माझ्या मते हे फार मोठं काम झालं. पोथीसारखं पंचांग आजोबाच उघडत. कालनिर्णय आजी स्वतः वाचू लागली. संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असे, ती मुंबईची. शिर्डी मुंबईच्या पूर्वेला दीड अंशाहून थोडी जास्त, आणि एका अंशाला चार मिनिटं; म्हणजे आपला चंद्र सहा-सात मिनिटं आधी. हा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता. गच्चीवरून पाहून पाहून तिनं तो बसवला होता, आणि छापील वेळेच्या आधीच ती मोदकांचं ताट घेऊन वर जाई.

त्याच चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, फूलवाल्याला दिलेली उचल. आजोबा गेले त्या दिवशी आईनं काहीच लिहिलं नाही. छापलेल्या तिथीखाली फक्त निळी रेघ ओढली. दरवर्षी श्राद्धाचा दिवस आम्ही त्या रेघेवरून काढतो.

आता तिथी मोबाईलवर दिसते, आणि अगदी अचूक दिसते. गावोगावचा चंद्रोदयही मिळतो. पण आईच्या हातची रेघ तिथे नाही. डिसेंबरात नवं कॅलेंडर टांगाल तेव्हा जुनं रद्दीत घालू नका. बारा पानं गुंडाळून माळ्यावर ठेवा, आणि वर साल लिहायला विसरू नका.