लघु-गुरु

या लेखातले ‘आम्ही’ हे संपादकीय बहुवचन नव्हे, आदरार्थीही नव्हे. आम्ही मोजून दोघे आहोत, नवरा-बायको, आणि दोघेही अंबाजोगाईत मराठी शिकवतो. ज्या गाडीविषयी लिहायचे योजले आहे, तिच्यात आसनेही मोजून दोनच आहेत. हा निव्वळ योगायोग नाही. पण ते पुढे ओघाने येईल.

गाडीचे नाव सॅन स्टॉर्म. बहुतेक वाचकांनी ती पाहिली नसण्याचीच शक्यता अधिक. १९९८ च्या सुमारास ती गोव्यात तयार होऊ लागली. आराखडा फ्रान्समधला, इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, ताकद ६० अश्वशक्ती, आणि अंग पत्र्याऐवजी फायबरग्लासचे. डोक्यावरचे छत कापडी, हवे तेव्हा मागे सारता येणारे. अशा गाड्या फार थोड्या बनल्या आणि पुढे त्या बनणे थांबलेही. परदेशी निघालेल्या एका पुणेकर गृहस्थांकडून आम्ही ती २००५ साली विकत घेतली. तेवढ्या पैशात चार माणसे आणि दिवाळीचे सगळे सामान मावेल अशी गाडी सहज आली असती. तसे आम्हांला अनेकांनी, अनेक वेळा, सप्रमाण सांगितले.

पुण्याहून ती आणली तो दिवस अजून लख्ख आठवतो. नगर सोडले, कडा, आष्टी, जामखेड मागे पडले आणि सौताड्याचा घाट लागला. ऑक्टोबर होता. छत मागे सारलेले. बालाघाटच्या डोंगरांवर पावसाने ठेवलेली हिरवळ अजून पुरती सुकली नव्हती आणि रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. बंद गाडीतून पाट्या नुसत्या दिसतात; या गाडीत त्यांचा वासही येऊन बसला. पहिल्या वळणावर गाडी अशी वळली, की जणू वळण रस्त्याला नव्हतेच, ते आमच्या मनातच होते. एरवी वाहन वळते तेव्हा त्याचे धूड क्षणभर मागे रेंगाळते, आणि आपण आत बसून त्याची समजूत घालत राहतो. इथे समजूत घालावी लागली नाही. साठ अश्वशक्ती म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. आमच्या विद्यार्थ्यांचे मामा त्याहून दांडग्या गाड्या बाळगतात. पण सुख ताकदीत नव्हते. जे अंगावर नव्हते, त्यात होते.

लोटस ही इंग्लिश कंपनी स्थापन करणारा कॉलिन चॅपमन याने हे सूत्र आयुष्यभर धरून ठेवले होते. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन घटवले तर ती सगळीकडेच वेगवान होते, अशी त्याची धारणा होती. त्यामागचा हिशेब सरळ आहे. जड गाडीला मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनाला मजबूत सांगाडा लागतो, त्या सगळ्याला थांबवायला मोठे ब्रेक आणि रुंद टायर लागतात, आणि या प्रत्येकाचे पुन्हा वजन असते. जडपण जडपणाला जन्म देत जाते. हलकेपणाचेही तसेच, फक्त उलट दिशेने. १९९६ मध्ये आलेली लोटस एलिस सुमारे ७२५ किलोंची होती, आणि तिच्याहून कितीतरी दांडग्या गाड्यांना ती वळणावर मागे टाकी. आमची गाडी त्या घराण्यातली नव्हे. दूरची, गरीब नातलग म्हणावी इतकेच.

अंबाजोगाईत गाडी पोचली त्या संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या गॅरेजमधला मुलगा तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, “लई भारी गाडी आहे, सर!” भाषा शिकवणाऱ्या माणसांना अशी वाक्ये सुखाने झोपू देत नाहीत. मराठीत ‘भारी’ ही स्तुती आहे. साडी भारी, माल भारी, माणूस भारी. ‘हलका’ ही बहुधा निंदा: हलका माल, हलक्या कानाचा, हलकी कामे, आणि जातिव्यवस्थेने जीभ विटाळून ठेवलेले ‘हलक्या कुळाचा’. वजन म्हणजे किंमत, हे समीकरण आपल्या बोलण्यात फार खोल रुजले आहे. कचेरीतसुद्धा माणसाचे ‘वजन’ असावे लागते. पण हीच भाषा दुःख सांगून झाल्यावर ‘मन हलके झाले’ म्हणते आणि जखम ‘हलक्या हाताने’ बांधते. म्हणजे वस्तू जड हवी आणि जीव हलका हवा, असे काहीसे आपल्याला वाटत आले आहे.

साहित्यातही हाच पंक्तिप्रपंच आहे. छंदःशास्त्रातल्या लघु-गुरूंमध्ये उच्चनीच नाही. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि दोघांवाचून वृत्त चालत नाही. पण फडके, खांडेकर, काणेकर यांनी घडवलेल्या ‘लघुनिबंधा’चा प्रश्न आला की आमचे विद्यार्थी ‘हलकाफुलका’ एवढे लिहून पुढच्या, जड प्रश्नाकडे वळतात. इटालो काल्व्हिनोने हार्वर्डसाठी तयार केलेल्या व्याख्यानांतले पहिलेच हलकेपणावर होते. ती देण्याआधी, १९८५ मध्ये, तो वारला. आम्ही हे वर्गात सांगतो तेव्हा खिडकीबाहेर जे गाव असते, ते मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे. ‘विवेकसिंधू’ शके १११० चा. दासोपंतांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या परंपरेने सव्वा लाख सांगतात. पण याच दासोपंतांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर ‘पासोडी’ लिहिली. सव्वा लाख ओव्या रचणाऱ्या माणसाला एकदा गुंडाळून काखेत मारता येईल असे तत्त्वज्ञान हवेसे वाटले असेल काय? पुराव्याने हे सिद्ध होणार नाही. परंतु गाडी घेतल्यापासून पासोडीकडे पाहताना आम्हांला असे वाटते खरे.

गाडीच्या हलकेपणाची किंमत पहिल्याच वर्षी कळली. रात्रीची वेळ, एका वस्तीजवळ पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक, आणि चूक सर्वस्वी आमची. पुढचा खालचा भाग तडकला. गावातल्या डेंटिंगवाल्याने हातोडी उचलली, बोटाने अंग वाजवून पाहिले आणि हातोडी परत खाली ठेवली. “हे ठोकून सरळ होत नाही. हे फुटतं.” पत्रा वाकतो, मार लक्षात ठेवतो आणि मारानेच पूर्ववत होतो; फायबरला ती विद्या नाही. शेवटी फायबरचे गणपती करणारा एक कारागीर मिळाला. त्याने तडा आतून घासला, काचेच्या तंतूंची जाळी कापून थरावर थर बसवले, प्रत्येक थरावर हार्डनर घातलेले रेझिन ब्रशने चोपडले आणि दुसऱ्या दिवशी पाणी लावून पॉलिश पेपरने तासन्‌तास घासत बसला. काम झाल्यावर म्हणाला, “आता ही जागा बाकीच्या अंगापेक्षा मजबूत आहे. पण थोडी जड झाली.” दुरुस्तीविषयी इतके नेमके वाक्य आम्ही समीक्षेच्या ग्रंथांतही वाचलेले नाही.

आता त्या दोन आसनांविषयी. गाडी पाहून गावातल्या बायका पहिला प्रश्न विचारत तो वेगाचा किंवा किमतीचा नसे. “तिसरं कुठं बसणार, मॅडम?” असा असे. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. त्यांपैकी सहा वर्षे आम्ही पुण्याच्या फेऱ्या घालत होतो, फायली घेऊन, एसटीच्या रात्रीच्या गाडीने. २००४ च्या डिसेंबरात आम्ही त्या फेऱ्या थांबवल्या. कोणी सांगितले म्हणून नव्हे. परतीच्या प्रवासात, जामखेडच्या स्थानकावर चहा घेताना, दोघांनाही एकाच वेळी ते कळले आणि त्यावर आम्ही बोललोही नाही. पुढच्या वर्षी ही गाडी दिसली. मागचे आसन नसलेली गाडी. मोठ्या गाडीत ते आसन रोज आमच्या मागे रिकामे बसले असते. आम्ही सुखासाठी गाडी घेतली, हे खरे; पण ज्या वस्तूत अभावाला जागाच ठेवलेली नाही तिच्यात बसण्याचे सुख हा त्या सुखाचा मोठा हिस्सा होता. एवढे मान्य केल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात गाडी तीन महिने दारात उभी होती. मांजरा धरणाने तळ गाठला होता. त्याच्याच पाण्यावर जगणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्याकडेही पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथे गाडी कोण धुणार? तिच्यावर बोटभर धूळ साचली आणि गल्लीतल्या मुलांनी त्या धुळीत आपापली नावे लिहिली. बॉनेटवर सहा, दारावर तीन, शिवाय एक शुद्धलेखनाच्या दृष्टीने संशयास्पद. आम्ही ती पुसली नाहीत. कापडही मारले नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाने ती धुऊन नेली, तेव्हा आम्ही दोघे ओट्यावर उभे राहून पाहत होतो.

आणि मग २०१९. आमच्या एका विद्यार्थिनीने निबंधाच्या तासाला ऊसतोडीवर लिहिले. तिचे आई-वडील दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जात. तिने एक गोष्ट साधेपणाने समजावून सांगितली होती: टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल जोडीला, हिशेब जोडीचा. दोघांपैकी एक आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. शेवटचे वाक्य असे होते, की कोयत्यात तिसरे धरत नाहीत, म्हणून मी आजीकडे वाढले.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजत होता. सरकारने नेमलेल्या समितीपुढे १३ हजारांहून अधिक बायकांचा आकडा आला. खाडा पडू नये, पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, ही त्यामागची कारणे पुन्हा पुन्हा सांगितली गेली. आम्ही ज्यासाठी सहा वर्षे रात्रीच्या गाड्या पकडल्या, ते आमच्याच जिल्ह्यात इतक्या जणींनी मजुरीच्या हिशेबात काढून टाकले होते. दोन माणसांचा एक एकक: आमचाही, त्यांचाही. आमच्या एककाने वजन उतरवून ठेवले होते. त्यांच्या एककात ती बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढत होती. हलकेपणाविषयी वर्गात बोलताना आमचा स्वर त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. हलके होणे ही एका अर्थी चैन आहे. आधी कोणीतरी ओझे उतरवून घ्यावे लागते.

पण म्हणून ते सुख खोटे ठरते काय? यावर आम्ही दोघे बरेच भांडलो. एकाचे म्हणणे, गाडी विकावी. दुसरीचे म्हणणे, विकल्याने कोणाच्या डोक्यावरची मोळी उतरणार आहे? निर्णय झाला नाही; पण एका रविवारी ती विद्यार्थिनी वही द्यायला घरी आली आणि गाडीकडे बघत उभी राहिली. “मॅडम, हिच्यात काहीच नेता येत नाही?” तिने विचारले. “काहीच नाही,” असे उत्तर मिळाल्यावर ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मग मी बसू?”

आमच्यातली जी अधिक चांगली गाडी चालवते, तिने किल्ली घेतली. दुसरा ओट्यावर थांबला. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या रस्त्याने त्या दोघी गेल्या आणि अर्ध्या तासाने परतल्या. मुलीची वेणी सुटली होती. तिने आजवर केलेला प्रत्येक प्रवास कशाच्या तरी वर बसून केलेला होता, भांड्यांच्या, सरपणाच्या, ज्वारीच्या पोत्यांच्या. असे तिनेच वाटेत सांगितले. या प्रवासात खाली काही नव्हते. पहिल्या वळणावर ती घाबरली, दुसऱ्यावर हसली आणि तिसऱ्यानंतर तिने आणखी एक वळण मागितले.

गाडी आम्ही विकली नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करावी लागते, ती करतो. मात्र त्या रविवारनंतर एक प्रथा पडली आहे: आठवड्यातून एकदा आमच्यापैकी एक जण घरी थांबतो आणि दुसऱ्या आसनावर गल्लीतले, वर्गातले, शेजारचे कोणीतरी बसते. दोन आसनांच्या गाडीत तिसऱ्याला जागा करायची तर दोघांतल्या एकाने उतरावे लागते. हे कळायला आम्हांला चौदा वर्षे लागली.

दिवाळीनंतर सौताड्याच्या घाटात अजूनही ट्रॅक्टरची रांग लागते. एकेकाला दोन ट्रॉल्या, त्यांवर संसार, शेळ्या, म्हातारी माणसे, मुले. आमची गाडी इतकी बुटकी, की तिच्यातून आधी त्यांची चाके दिसतात आणि मान वर केल्यावर माणसे. पूर्वी आम्ही हॉर्न देऊन पुढे निघत असू. आता छत मागे सारून, घाट उतरेपर्यंत, मागून सावकाश जातो. वरून मुले हात हलवतात. आम्हीही हलवतो.