बोअरचं पाणी आणि शिकेकाई

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागलं की आमचं नेकनूर येतं. गावाचं नाव आहे ते आठवडी बाजारासाठी, त्यातही जनावरांच्या बाजारासाठी. पाण्यासाठी नाही. बालाघाटाच्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि तोट्या कितीही घासा, निघत नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझे केस राठ झाले, पण त्याची कुरकुर करण्याइतकी सवड कधी मिळाली नाही.

2024 च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. ताप गेला, तोंडाला चव आली, घरातली कामंही सुरू झाली. आणि दिवाळीनंतर केस गळायला लागले. मोरीच्या जाळीवर पुंजके अडकायचे. भाकरीच्या पिठात केस सापडला तेव्हा मात्र घरभर चर्चा झाली. मी बाटल्या बदलून पाहत होते. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, ते सगळं मुकाट बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, “काय बी लावायलीस डोक्याला. बाजारातून शिकेकाई आण. उभी शेंग आण, पूड नगं. पुडीत काय कालवतेत कुणाला ठावं!”

त्यातच जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातली बातमी आली. शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस मुठीमुठीनं गळून टक्कल पडत होतं. पहिला संशय पाण्यावर गेला. आमच्या गल्लीतही लगेच ठरून गेलं की आपलंही पाणीच वाईट. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोवर आमच्याकडे शिकेकाई वाळत पडली होती.

चांगली शेंग ओळखायची कशी, तर आत्या ती कानाशी हलवून बघतात. आतल्या बिया खुळखुळल्या की शेंग वाळलेली. शिकेकाईच्या निम्मा रिठा, तेवढीच आवळकाठी, थोडा नागरमोथा, मूठभर मेथी आणि घरी वाळवलेल्या संत्र्याच्या साली. रिठ्याचं काळं टणक बी फोडून काढावं लागतं. त्या कामाला बसलं की दुपार जाते. पूर्वी हे सगळं उखळात कुटायचे. आता कांडप आहे. कांडपवाल्याला मात्र आधी विचारायचं, यंत्रात शेवटी काय कुटलं होतं? मिरचीच्या पाठीवर शिकेकाई कुटून आणली तर न्हाताना काय होईल ते सांगायला नको. नाकाला पदर बांधूनही सगळे शिंकत होतो.

पूड रात्री भिजत घालायची, सकाळी जास्वंदीची चार पानं टाकून उकळायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. गाळायचा कंटाळा केला तर चोथा केसांत वाळूसारखा बसतो आणि दिवसभर खांद्यावर सांडतो. आदल्या रात्री खोबरेल लावलेलं असावं, कारण शिकेकाई तेल ओढून घेते. कोरड्या डोक्याला नुसतीच लावली तर केस आणखी रखरखीत होतात. फेस येतो, पण पातळ. पहिल्यांदा मला डोकं धुतल्यासारखंच वाटलं नाही. वाळल्यावर हात फिरवला तर केस मऊ! तेही त्याच बोअरच्या पाण्यात.

यात जादू काही नाही. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शिकेकाई-रिठ्यातला फेस येतो सॅपोनिनमुळे. त्याचा असा साका होत नाही. शिवाय शिकेकाईचा काढा जरा आंबट गुणाचा, म्हणून केसाच्या वरची खवलं मिटलेली राहतात आणि केस गुंतत नाहीत. शाम्पूचाही साका होत नाही, हे कबूल करायला हवं. पण जी वडी अंगाला तीच डोक्याला, अशी पद्धत आमच्याकडच्या पुष्कळ घरांत अजून आहे.

आणि वेळेचं काय? उसाच्या फडावर जाणाऱ्या आमच्या भागातल्या बायांना कोपीवर प्यायचं पाणीच लांबून आणावं लागतं. त्यांनी शिकेकाई उकळत बसावं असं म्हणणं म्हणजे चेष्टा. शाम्पूची एक रुपयाची पुडी त्यांच्या सोयीची आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

उन्हाळा लागेपर्यंत माझं गळणं थांबलं. कपाळाजवळ आखूड नवे केस उभे राहिले. आत्यांनी सगळं श्रेय शिकेकाईला दिलं आणि गल्लीभर सांगितलं. मला ते पटलेलं नाही. बीडला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की मोठा ताप किंवा बाळंतपण झालं की पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. सहसा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. माझं रक्तही कमी निघालं होतं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या चालू होत्या. केस आले ते या दोहोंमुळे, असं मी मानते. शिकेकाई मी सोडलेली नाही, पण डोकं स्वच्छ करणारी म्हणून. केस उगवणारी म्हणून नाही.

आता बायका प्रमाण विचारायला येतात. परवा एकीनं विचारलं, लेकीच्या डोक्यात उवा झाल्यात, तर यातच सीताफळाच्या बियांची पूड घालू का? बालाघाटात सीताफळाला तोटा नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि बियांचा हा उपाय घरोघरी माहीत आहे. मी तिला सरळ नको म्हटलं. शिकेकाई डोळ्यात गेली तर चुरचुरते, पाण्यानं धुतलं की थांबते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. असे रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येत असतात. उवांना बारीक दातांची फणी आणि डॉक्टरांना विचारून आणलेलं औषध पुरतं. शिकेकाई जरूर करून बघा, पण केस फारच गळत असतील तर आधी रक्त तपासून घ्या. आणि सीताफळाच्या बिया लेकरांच्या डोक्याला लावू नका.