खालच्या गटातल्या पोरांनाही एक चषक पाहिजे

कोल्हापूरकरांनो, हंगामात आपलं काय होतं ते नव्यानं सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस यांच्यातला सामना असला की शाहू स्टेडियम गच्च भरतं. केएसए लीग झाली की एकामागोमाग चषक लागतात. कुणा नेत्याच्या नावाचा, कुणाच्या स्मरणार्थ. बक्षीस लाखांत, मालिकावीराला वेगळं. पण ही सगळी मजा मुख्यतः वरिष्ठ गटातल्या १६ संघांची.

त्याखालच्या गटांचं काय? माझा भाचा तिथं खेळतो. शिरोलीत फौंड्रीत पाळी करतो, सुटला की गांधी मैदानावर सरावाला. बूट स्वतःच्या पगारातून. लीगचे मोजके सामने झाले की त्याचं वर्ष संपलं. गेल्या हंगामात मी त्याची मॅच बघायला गेलो, तर गॅलरीत राखीव खेळाडूंचे मित्र आणि आम्ही दोघं-तिघं. पोरं मात्र जीव तोडून पळत होती.

इंग्लंडात अशा संघांसाठी एफए वाझ नावाची स्पर्धा १९७४ पासून चालू आहे. वाझ म्हणजे फुलदाणी! तिथल्या फुटबॉलच्या नवव्या-दहाव्या पायरीवरचे, नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे संघ त्यात उतरतात आणि फायनल होते थेट वेम्बलीवर. २०१६ पासून तर त्यांच्या वरच्या पायरीवरच्या एफए ट्रॉफीची फायनलही त्याच दिवशी, त्याच मैदानावर, एकाच तिकिटात असते.

आपल्याला हे का जमू नये? म्हणणारे म्हणतील, बघायला कोण येणार? अहो, वरिष्ठ गटाची फायनल असेल त्या दिवशी आधी ही फायनल लावा. लोक तसेही लवकर येऊन जागा धरतात. बक्षीस छोटं चालेल, पण शाहू स्टेडियम पाहिजे आणि भरलेली गॅलरी पाहिजे.

बाहेरच्या खेळाडूंना माझा विरोध नाही. नायजेरियाच्या खेळाडूंना आपणच डोक्यावर घेतलं. पण मोठ्या संघांत बाहेरचे आले की पेठेतल्या पोराची एक जागा कमी होते, आणि ते पोरगं खालच्या गटात जातं किंवा खेळ सोडतं. आपला अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा सगळ्यांची छाती फुगली. तसा एखादाच निघतो, मान्य. बाकीच्यांनी तिशीपर्यंत खेळत राहावं असं वाटत असेल तर त्यांनाही जिंकायला काहीतरी ठेवा की!

यंदा चषक भरवणारे दादा, साहेब, मंडळं यांच्या ओळखीचं कुणी इथं असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि खालच्या गटात खेळणाऱ्या भावांनो, तुमच्या संघाचं नाव कमेंटमध्ये लिहा. यादी घेऊन मी स्वतः जातो.