ब्लेचली पार्क आणि ट्रंक कॉलची तिकिटं

लंडनला लेकीकडे जायची ही माझी तिसरी खेप. राणीचा राजवाडा, मोठं घड्याळ, उघडमीट होणारा पूल हे सगळं पहिल्याच वेळी पाहून झालं होतं. तेव्हा नात म्हणाली, "आजी, या वेळी तुला एक वेगळी जागा दाखवते. तिथे तुझ्यासारख्या बायका कामाला होत्या."

माझ्यासारख्या म्हणजे टेलिफोनवाल्या. मी १९७६ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड आणि पुढ्यात तिकिटांचा गठ्ठा. तरुण वाचकांसाठी सांगते, ट्रंक कॉल बुक झाला की त्याचं एक कागदी तिकीट बनायचं. कुठल्या नंबरवरून, कुठल्या गावच्या कुठल्या नंबराला, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, किती वाजता लागला आणि किती मिनिटं चालला, एवढं त्यावर लिहायचं. पुढे त्यावरून बिल.

नातीची जागा म्हणजे ब्लेचली पार्क. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून गाडीने पाऊण तास. ब्लेचलीला उतरलं की चालतच जाता येतं. आत शिरल्यावर तळं, तळ्यात बदकं आणि पलीकडे विटांचा एक विचित्र वाडा. कुठे घुमट, कुठे कमानी, मालकाला आवडेल ते एकेक आणून चिकटवल्यासारखं. आपल्या लक्ष्मी विलास पॅलेससमोर तो अगदीच गरीब दिसतो, हे बडोदेकर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९३८ मध्ये इंग्रज सरकारच्या गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने ही जागा घेतली, शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी. इथेच का, तर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडून रेल्वेने येता यायचं, आणि शेजारच्या फेनी स्ट्रॅटफर्डला टेलिफोन-टेलिग्राफच्या ट्रंक लाइनींचं रिपीटर स्टेशन होतं. ही दुसरी गोष्ट ऐकून मला फार बरं वाटलं. इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी गणितज्ञांचीच नावं येतात, रिपीटर स्टेशनचं कोण लिहितो?

वाड्याभोवती लाकडी बराकी आहेत, त्यांना 'हट' म्हणतात. आत जुनी टेबलं, काळे फोन, अंधुक दिवे. युद्ध संपत आलं तेव्हा इथे आणि जवळपासच्या केंद्रांवर मिळून नऊ-दहा हजार माणसं राबत होती, आणि चारांतल्या तीन बायका होत्या. ॲलन ट्युरिंगचं नाव सगळ्यांना माहीत असतं. स्लेटच्या पातळ कपच्या रचून केलेला त्याचा पुतळाही आहे. एनिग्मा यंत्राचं कोडं आधी पोलंडच्या तीन गणितज्ञांनी सोडवायला घेतलं होतं आणि १९३९च्या जुलैत त्यांनी आपली सगळी विद्या इंग्रजांच्या हाती दिली. त्यांचं स्मारकही आवारात आहे.

पण माझं मन गेलं ते ब्लॉक 'एच'मध्ये. तिथे आता संगणकाचं वेगळं संग्रहालय आहे, तिकीट वेगळं. आत कोलोसस ठेवला आहे. १९४१च्या ऑगस्टमध्ये एका जर्मन ऑपरेटरने सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडून 'नीट आला नाही, परत पाठव' म्हणून कळवलं गेलं. यंत्राची मांडणी न बदलता त्याने तोच संदेश पुन्हा पाठवला, फक्त कंटाळून काही शब्द आखडते घेतले. (हा कंटाळा मला ओळखीचा आहे. रात्रपाळीला पहाटे चार वाजता आम्हीही असेच होतो.) तेवढ्या चुकीवर जॉन टिल्टमन यांनी संदेश सोडवला आणि बिल टट या तरुणाने कधीही न पाहिलेल्या बारा चाकांच्या यंत्राची रचना कागदावर मांडली. पुढे रोजचे संदेश हाताने फोडणं शक्य नव्हतं. तेव्हा यंत्र बनवून दिलं ते टॉमी फ्लॉवर्स यांनी. कोण हे? पोस्ट खात्यातले टेलिफोन इंजिनिअर! हजार-दीड हजार व्हॉल्व्ह एकत्र चालणारच नाहीत, सारखे उडतील, असं मोठमोठ्यांचं मत होतं. फ्लॉवर्सना एक्स्चेंजच्या अनुभवाने ठाऊक होतं की व्हॉल्व्ह उडतात ते चालू-बंद करताना. बंदच केले नाहीत तर टिकतात. १९४४च्या सुरुवातीला कोलोसस चालू झाला आणि कागदी पट्टीवरची पाच हजार अक्षरं सेकंदाला वाचू लागला. चालवायला नौदलाच्या मुली.

आज दिसतो तो नव्याने उभारलेला. मूळ यंत्रं युद्धानंतर बहुतेक मोडून टाकली होती. टोनी सेल यांनी १९९३ पासून जुन्या एक्स्चेंजमधून निघालेले भाग जमवत तो पुन्हा बांधला, २००७ मध्ये पुरा झाला. मी जवळ गेले. व्हॉल्व्हची ऊब अंगाला लागत होती. रिले, जॅक, फिरते सिलेक्टर, सगळी आमची मंडळी! त्यांचा तो टकटक आवाज ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं. नात म्हणाली, "आजी, तू एका कॉम्प्युटरला पाहून रडणारी पहिली बाई असशील."

नात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय माहितीचं विश्लेषण आणि खासगीपणा. एका फलकासमोर थांबून तिने मला एक गोष्ट समजावली. इथे एक गट असा होता की त्यांना संदेशातलं अक्षरही वाचायला लागत नसे. कुठलं केंद्र कुठल्या केंद्राशी, किती वेळा, कधी बोलतं, एवढ्यावरून ते सैन्याची रचना ओळखायचे. "आजही तेच आहे," ती म्हणाली. "व्हॉट्सॲपवरचं तुमचं बोलणं २०१६ पासून कुलूपबंद आहे, कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, किती वाजता, ही माहिती त्या कुलपात येत नाही. मजकूर नको, पाकीट पुरतं."

मी तिथल्या बाकावर बसले. म्हटलं, "बाई, हे मला तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे."

आणि चाळीस वर्षांत कोणाला न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. १९८१ साली माझी बदली गुजरातमधल्या एका लहान गावी होती. तिथल्या एका मराठी घरातून रोज रात्री नऊला मुंबईच्या एकाच नंबराला कॉल लागायचा, सहा मिनिटं. नंबर एका मोठ्या हॉस्पिटलचा होता. मी बोलणं कधी ऐकलं नाही, शपथेवर सांगते. त्याच सुमारास माझी मावशी त्या घरची मुलगी आपल्या मुलासाठी पाहत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "जरा चौकशी कर हं. त्या घरात कोणाचं तरी मोठं दुखणं आहे." मावशीने चौकशी केली नाही. सरळ नकार कळवला.

चार वर्षांनी एका हळदीकुंकवाला त्या मुलीची आई भेटली. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या वाड्यात एकच फोन. भाडेकरूचा मुलगा मुंबईला ॲडमिट होता, त्याचे वडील रोज आमच्याकडून फोन करायचे. बिचारा पोर वाचला." आणि मग सहज, "आमच्या मुलीचं मात्र तेव्हा ठरता ठरता मोडलं. का ते कळलंच नाही." मी तिळगूळ घेतला आणि उठले.

१८८५चा टेलिग्राफ कायदा आम्हाला नोकरीत लागतानाच वाचून दाखवला होता. निरोप फोडणं गुन्हा. मी निरोप फोडला नाही असं मी मनाला सांगत आले. नातीने विचारलं, "तू तिकिटावरून अंदाज केलास, आणि तोही चुकला?" मी मान हलवली. ती म्हणाली, "आमच्या वर्गात याचीच उदाहरणं असतात. फक्त तिथे माणूस नसतो, प्रोग्रॅम असतो. फोन एकाचा आणि वापरणारे पाच, हे त्याला कळत नाही."

मग तिने उपायही सांगितला. जनगणनेसारख्या मोठ्या आकडेवारीत मुद्दाम थोडी भेसळ करतात. समजा, नाजूक प्रश्न विचारायचा आहे. प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं बोला, काटा आला तर सरळ 'हो' म्हणा. आता एखादीने 'हो' म्हटलं तरी ते तिचं की नाण्याचं, कोणी सांगू शकत नाही. पण हजार उत्तरं जमली की एकूण प्रमाण काढता येतं. अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत याच विचाराची पुढची पायरी वापरली. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून एकमताने मान्य केला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. मला नाण्याची युक्ती जास्त आवडली. मावशीला मात्र ती पटली नसती.

इथल्या बायकांनी १९७४ पर्यंत तोंड उघडलं नाही. त्या साली एक पुस्तक निघालं आणि मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. तोवर कित्येकींचे आईवडील, मुलगी युद्धात नेमकं काय करत होती हे न कळताच गेले. एका छायाचित्रात पाच-सहा मुली टेनिसच्या रॅकेटी घेऊन हसत उभ्या होत्या. वय माझं तेव्हा होतं तेवढंच. मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

निघताना कॅन्टीनमध्ये चहा घेतला. फिकट, पण सोबतचा स्कोन चांगला. नातीने विचारलं, "त्या काकू अजून आहेत?" आई गेली. मुलगी इंदूरला असते, तिला दोन नातवंडं आहेत, आपल्याच मंडळाच्या एका ग्रुपवर तिचा नंबर दिसतो. "फोन करशील?" मी म्हटलं, बघू.

जाणाऱ्यांसाठी सांगायचं म्हणजे, सकाळी लवकर पोहोचा, पूर्ण दिवस लागतो. संगणकाचं संग्रहालय रोज उघडं नसतं, वार पाहून जा. वाड्याचं तिकीट मात्र एकदा काढलं की वर्षभर चालतं. माझं अजून पर्समध्ये आहे, त्या इंदूरच्या नंबराच्या चिठ्ठीशेजारी.