सिंहगडाचा घेरा

पुण्याहून खडकवासल्यास जाणारा मनुष्य धरणाच्या कांठीं घटकाभर बसतो, भाजलेलें कणीस खातो, नैर्ऋत्येस उभ्या असलेल्या सिंहगडाकडे बोट दाखवितो व परत फिरतो. ज्याचा उत्साह याहून अधिक, तो मोटार थेट गडावर नेतो, पिठलें-भाकरी खातो आणि किल्ला पाहिला असें घरीं सांगतो. या दोघांचीही एक गोष्ट पाहावयाची राहून जाते. तलावाचें पाणी आणि गडाचा तट यांच्या मध्यें डोंगराच्या अंगाखांद्यावर वाड्या-वाड्यांनीं पसरलेलें ‘घेरा सिंहगड’ या नांवाचें एक गांव आहे. आणि आमच्या मतें या सहलींत पाहण्यासारखा खरा किल्ला तोच होय.

शिवकालीं डोंगरी किल्ल्याची राखण एकट्या तटावरच्या शिपायांकडे नसे. गडाच्या पायथ्याचा व उतारांचा जो पट्टा गडाच्या ताब्यांत असे त्याला घेरा म्हणत, आणि त्यांतील वाटा अडवून बसविलेल्या चौकीच्या जागांना मेटें म्हणत. कोळी, रामोशी, महार, मांग इत्यादि लोकांचीं घराणीं तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत. रानांतील पाऊलवाटा, घळी, पाण्याच्या जागा या सर्व त्यांच्या पायांखालच्या. रात्रीं अनोळखी पाऊल वाजलें कीं त्याची खबर वर पोंचावी, हें त्यांचें काम. आणि त्याबद्दल त्यांना जमिनी लावून दिलेल्या असत. तोरण्याच्या पायथ्याचें मेट पिलावरे किंवा त्र्यंबकेश्वराजवळचें मेटघर किल्ला हीं गांवें त्या व्यवस्थेची आठवण नांवांत सांभाळून आहेत. सिंहगडाखालच्या गांवानें तर आख्खा घेराच आपल्या नांवांत घेतला.

आल्प्स पर्वतांतील जुने किल्ले पाहून आलेलीं कुटुंबें आतां आपल्या परिचयांत पुष्कळ असतात. जिनिव्हा सरोवराच्या कांठचा शियोंचा किल्ला, बेलिंझोना गांवाच्या डोक्यावरचे तीन किल्ले यांचीं चित्रें दाखवून तीं आम्हांस विचारतात, ‘आपल्याकडे असें जपलेलें कांहीं आहे का?’ प्रश्न रास्त आहे, पण तुलना जरा जपून केली पाहिजे. इटलीच्या आओस्ता खोऱ्यांतील फेनीसच्या किल्ल्यासारखे कित्येक किल्ले हे एकेका सरदार घराण्याचे वाडे होते. म्हणून त्यांत भिंतींवरचीं चित्रें आहेत, दिवाणखाने आहेत. आपला गिरिदुर्ग कोणाचा वडिलोपार्जित वाडा नव्हता. तो राज्याचा होता. सभासदानें वर्णिल्याप्रमाणें हवालदार, सबनीस व सरनोबत असे एकाच दर्जाचे तीन अंमलदार गडावर असत, कारखानीस असे, आणि एकट्याच्या मर्जीनें गड शत्रूच्या हातीं जाऊं नये अशी कामाची वांटणी असे. अंमलदारांच्या बदल्या होत. घेऱ्यांतील माणसें मात्र तेथेंच जन्मत व तेथेंच मरत. अंमलदार बदलले तरी जी माहिती गडापाशीं टिकून राही ती या माणसांच्या ठिकाणीं.

आम्ही आतकरवाडीच्या बाजूनें पायीं चढलों. मोटारीचा रस्ता झाल्यापासून ही वाट हौशी लोकांची झाली आहे. पण गडाचा कस समजावयाचा तर तीच चढावी. चढ छातीवर येतो, आणि एकामागून एक असे पुणें दरवाज्याचे तीन दरवाजे लागतात तेव्हां आपण समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंचीवर आलेले असतों. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडाचा मार्ग सुगम नसावा असें बजावलें आहे, त्याचें मर्म पोटऱ्यांना चांगलें कळतें. तेथेंच गडावरील केराविषयींही एक आज्ञा आहे: केर गडाखालीं टाकूं नये, जागच्या जागीं जाळावा, त्याची राख परसांत घालून भाजीपाला करावा. अठराव्या शतकाच्या आरंभींचा हा शहाणपणा. आजच्या रविवारीं तटाखालच्या घळींत प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा जो खच पडतो, तो टाकणारे बहुतेक आमच्या-तुमच्यासारखे शिकलेले लोकच असतात.

वर आल्यावर किल्ला हा एक तटबंदीचा गांव होता हें ध्यानांत येतें. दारूचें कोठार आहे. १७५१ सालीं त्यावर वीज पडून अनर्थ झाल्याची आठवण सांगतात. खडकांत कोरलेली घोड्यांची पागा आहे. कोंढाणेश्वराचें व अमृतेश्वराचें देऊळ आहे. देवटाक्याचें पाणी इतकें गोड कीं आमच्यांतील पथ्यकरी गृहस्थांनींही दोनदां प्यालें. १७०० सालीं याच गडावर निवर्तलेल्या राजाराम महाराजांची समाधि येथें आहे. लोकमान्य टिळक उन्हाळ्यांत ज्या बंगल्यांत येऊन राहत तो बंगलाही येथेंच. १९१५ सालीं त्यांची व गांधीजींची येथें भेट झाली. कल्याण दरवाज्यावर शके १६७२ चा, बाळाजी बाजीरावाच्या कारकीर्दीचा, लेख आहे.

आणि तानाजी मालुसरे. त्यांच्या समाधीपाशीं मुलांना घोरपडीची गोष्ट सांगितल्यावांचून कोणी पुढें सरकत नाहीं. घोरपड ही पोवाड्यांची व दंतकथेची देणगी आहे. ‘सिंहगड’ हें नांवही १६७० च्या आधींच्या पत्रांत सांपडतें. पण गोष्टींतून घोरपड काढली तरी तिचा कणा शाबूत राहतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं उदेभान राठोडाच्या हाताखालीं गडावर शिबंदी होती, तट धड होता, दरवाजे बंद होते. आणि जो कडा चढणें अशक्य म्हणून मोंगलांनीं सोडून दिला होता, तो मावळे चढून गेले. त्यांना तो डोंगर आपलाच होता. १३२८ सालीं महंमद तुघलकाच्या फौजेनें येथेंच नाग नायक या कोळी नायकास वेढा घातला. सुमारें आठ महिने गड हटला नाहीं, आणि शेवटीं पडला तो उपासमारीनें. १८१८ सालीं इंग्रजांनीं मात्र दूरवरून तोफगोळ्यांचा मारा करून गड घेतला. त्या लढाईंत डोंगराची माहिती फारशी कामाची उरली नव्हती, आणि घेऱ्याचें जुनें महत्त्व तेथेंच संपलें.

पण घेरा संपला नाहीं. आम्ही ताकाला बसलों ती जागा चार काठ्यांवर ताडपत्री बांधलेली होती. ताक देणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. आमच्यांतील एका भगिनीनें ‘मावशी, तुम्ही गडावरच राहतां का?’ असें विचारलें, तर म्हणाल्या, “न्हाई ताई, घर खाली घेऱ्यात. सकाळी दह्याची मडकी डोईवर घ्यायची न् चढायचं, सांजच्याला उतरायचं. माजी सासूबी हेच करायची.” सासूच्या आधीं काय, हें आम्हीं विचारलें; त्यांनीं तटाकडे नुसती मान वळविली. पाऊस कोणत्या बाजूनें येतो, दरड कोठें सुटते, परगांवचा मुलगा कोणत्या कड्याला अडकतो, हें त्यांच्या घरांतल्या माणसांना न बघतां सांगतां येतें. वाट चुकलेल्याला शोधावयाचें तर पहिली हांक याच वाड्यांना जाते.

अशा विक्रेत्यांना हटवावें कीं नाहीं यावर पुण्यांत वाद चालतो. वास्तूंना लागून चुली पेटूं नयेत, टाक्यांत खरकटें जाऊं नये, टपऱ्यांनीं दरवाजे झांकूं नयेत, याविषयीं दुमत नसावें. त्यासाठीं जागा आंखून द्यावी व नियम कडक असावेत. पण परगांवच्या भांडवलावर चालणारा खाद्यगृहाचा धंदा आणि डोक्यावर मडकीं घेऊन चढणारी घेऱ्यांतली बाई यांना एकाच मापानें मोजणें आम्हांस पटत नाहीं. गडावरून खालीं पाहिलें कीं या भीतीचें कारण दिसतें. डोणजे-गोऱ्ह्याच्या बाजूस शेतांच्या जागीं शहरी लोकांचीं विश्रांतिगृहें उठत आहेत. पायथ्याची जमीन गेली, वरची ताकाची जागा गेली, तर घेऱ्यांतील मुलानें पुण्यांत पहारेकऱ्याची नोकरी धरावी. म्हणजे तो राखण करीलच, पण कोणा तरी अपरिचित सोसायटीच्या दाराची!

त्याच कड्यावरून खडकवासल्याचें पाणी फार सुरेख दिसतें. मुठेवरील हें धरण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत उभें राहिलें. फाइफ नांवाच्या इंजिनियरवरून त्याला इंग्रज ‘लेक फाइफ’ म्हणत. विश्वेश्वरय्यांनीं आंखलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ सालीं प्रथम येथेंच बसविले गेले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, त्या लोंढ्यानें हें धरणही फुटलें, आणि पुण्यानें तो हाहाकार पाहिला. पुढें तें पुन्हां बांधलें गेलें. पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा घुमट दिसतो. तिची कोनशिला नेहरूंनीं १९४९ सालीं बसविली व १९५५ पासून तेथें तरुण सैनिकी शिक्षण घेतात. दक्षिणेकडे राजगड व तोरणा, पूर्वेकडे पुरंदर. इतके किल्ले एका नजरेंत देणारी जागा थोडी.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले. त्यांत राजगड आहे, सिंहगड नाहीं. पुष्कळांस याचें वाईट वाटलें. आम्हांस तितकें वाटलें नाहीं, कारण अशा यादींत तट व बुरूज मोजले जातात आणि सिंहगडाचे तट पेशवाईंत व नंतर बरेच बदलले आहेत. घेरा मोजण्याची कांहीं सोय निघेल तर मात्र हा गड कोणाच्या मागें राहणार नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं रविवार टाळावा. पुण्याहून बस पायथ्यापर्यंत जाते; मुलांना पायीं चढवावें, वृद्धांना हवें तर मोटारीनें आणावें. दही घ्यावें तें घेऱ्यांतल्या बाईकडूनच, आणि रिकामें मडकें तिला परत द्यावें. पाय धड असतील त्यांनीं उतरतांना पुणें दरवाज्याकडे न वळतां कल्याण दरवाज्यानें कल्याण गांवाकडे उतरावें. त्या बाजूस गर्दी नसते, आणि खालच्या वाड्यांतून कोणी ना कोणी वर हांक मारून विचारतोच, कुठले, किती जण आहांत.