तीन महिन्यांचा हिशेब

लग्नाला दोन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की घरातील वडीलधाऱ्यांची नजर प्रथम सुनेकडे वळते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी, कोणतेही उपनगर घ्यावे, क्रम तोच. तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, प्रसंगी दुर्बिणीची तपासणीही होते. सासर आणि माहेर या दोन्हींची काळजी तिच्याच डोक्यावर येते. मुलाचा रिपोर्ट मागण्याचे धैर्य मात्र क्वचितच कोणी करते. पेढीवर पै-पैचा हिशेब जुळवणाऱ्या घरांत वहीची ही एक बाजू कोरीच राहते.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे. अपत्य न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे, किंवा पत्नीकडील कारणाच्या जोडीने आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न भेडसावतो. इतक्या घरांत असलेली गोष्ट लाजेची कशी ठरावी?

या विषयावर मुंबईने पूर्वीच मौन सोडले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये येथे संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिका जन्माला आली. शास्त्र इतके पुढे गेले, तरी पतीची साधी तपासणी आजही अनेक घरांत सर्वांत शेवटी होते.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू घडण्यास सुमारे 74 दिवस लागतात. ते पक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी दोनेक आठवडे जातात. त्यामुळे आजच्या रिपोर्टात गेल्या तिमाहीचा जमाखर्च उमटलेला असतो. दोन महिन्यांपूर्वी आलेला कडक ताप, त्या काळातील जागरणे, तंबाखू, मद्य, सारे त्यात नोंदले जाते. याची दुसरी बाजू आशादायक आहे. आज सवय बदलली, तर तिचे फळ पुढील तिमाहीत दिसू शकते. म्हणूनच अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्यात पतीची तयारी निदान तीन महिने आधी सुरू व्हावी.

मस्जिद बंदर किंवा मुळजी जेठा मार्केटमधील तरुण व्यापाऱ्याची दिनचर्या पाहिली, तर काय बदलावे हे आपोआप ध्यानात येते. दिवसभर गादीवर बैठक, रात्री दहानंतर जेवण, अपुरी झोप, वाढत जाणारे पोट. शरीरातील जादा चरबी पुरुष संप्रेरकाचे स्त्री संप्रेरकात रूपांतर करते. अनियंत्रित मधुमेहही हानी करतो. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, म्हणून मांडीवर तापलेला लॅपटॉप आणि वारंवार घेतलेले वाफेचे स्नान टाळणे इष्ट. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी मावा आणि खर्रा सुटलेला नाही. चघळली म्हणून तंबाखू निरुपद्रवी होत नाही. व्यायामशाळेत पिळदार शरीरासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर मेंदूकडून येणारा संदेशच थांबवतात. शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडते आणि पूर्ववत होण्यास अनेक महिने लागतात.

रात्रिभोजनत्याग आणि व्यसनत्याग ही जैन घरांतील जुनी शिस्त. तिचा हेतू आत्मशुद्धीचा, संततीचा नव्हे. तरीही सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि वेळेवर झोप वजन आवाक्यात ठेवण्यास साहाय्य करतात. कडधान्ये, तीळ, बदाम, अक्रोड, दूध यांचा आहार पुरेसा पोषक होऊ शकतो. शाकाहारात कमी पडणारे ब-12 जीवनसत्त्व मात्र तपासून घ्यावे. जाहिरातीतील महागड्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नये. अमेरिकेत 2,370 जोडप्यांच्या अभ्यासात पुरुषांना झिंक आणि फॉलिक ॲसिड देऊनही अपत्यप्राप्ती वाढली नाही, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्व काही सवयींवर अवलंबून नसते, हेही लक्षात असावे. वृषणाजवळील फुगलेल्या शिरा, वयात आल्यानंतर झालेला गालगुंडांचा आजार, संप्रेरकांतील बिघाड किंवा जनुकीय दोष नुसत्या पथ्याने बरे होत नाहीत. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांचीही तपासणी व्हावी. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांतच. वीर्यतपासणी सोपी आणि तुलनेने स्वस्त आहे. त्याआधी दोन ते सात दिवसांचा संयम पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे. आकडा त्याहून कमी आला, तरी दार बंद होत नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष न काढता तपासणी पुन्हा करावी आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत पती-पत्नी दोघांनी एकत्र जावे आणि मुलाला तसे सांगण्याचे काम सासऱ्यांनी करावे. सुनेची अनेक वर्षांची घुसमट त्या एका वाक्याने वाचू शकते.