विषुववृत्तापलीकडची वाडी

युगांडात कंपालाहून मसाकाकडे जाताना कायाब्वे इथे रस्त्याच्या कडेला विषुववृत्ताची खूण आहे. आमचा सगळा गट फोटोसाठी उतरला. मी गाडीतच बसून राहिले, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी लागल्या होत्या आणि मला त्याच बघायच्या होत्या. तांबडी माती, उतारावर केळी, त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपं, मध्येच एखादा फणस. माझं बालपण वसईच्या वाडीत गेलं. तिथे आता बऱ्याच वाड्यांच्या जागी इमारती आहेत. त्यामुळे इतकी केळ एका नजरेत बघून बरंही वाटलं आणि पोटात तुटलंही.

आम्ही पॅरिशमधून सेवेसाठी आलो होतो. व्हिला मारिया मिशनच्या पलीकडच्या एका खेड्यात शाळेच्या खोल्या रंगवायच्या आणि पावसाचं पाणी साठवायच्या टाकीला हात लावायचा, असं ठरलं होतं. रंगकामाबद्दलचं माझं मत पहिल्याच दिवशी झालं आणि पुढेही तेच राहिलं. गावात रंगारी होते, गवंडी होते आणि त्यांना काम हवं होतं. आमच्यातल्या एकाच्या विमानभाड्यात त्यांनी अख्खी शाळा रंगवून दिली असती. मुलांना गोळ्या वाटायच्या आणि त्यांच्या घोळक्यात उभं राहून फोटो काढायचे, हे तर मला बघवेना. आपल्या वाडीत कुणी परका येऊन आपल्या पोरांशी असं वागला तर चालेल का, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. त्यानंतर बरेच दिवस गटात माझ्याशी कुणी मोकळेपणाने बोललं नाही.

त्या अबोल्यातच एका सकाळी मिशनमधल्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला केळीच बघायच्या आहेत ना? मग चला माझ्याबरोबर."

त्या मला एका म्हाताऱ्या बाईंकडे घेऊन गेल्या. गाव त्यांना ज्याज्या म्हणतं, म्हणजे आजी. मसाका आणि राकाईच्या या पट्ट्यात 1980 च्या दशकात एड्सने घराघरातली कर्ती माणसं नेली आणि नातवंडं आज्यांच्या पदरात पडली. या ज्याज्यांनीही नातवंडं वाढवली, आता पणतवंडं अंगणात खेळत होती. मी दारात पोहोचताच त्यांनी गुडघे टेकून माझं स्वागत केलं. तिथल्या बायकांची ती रीतच आहे, पण माझ्या आईच्या वयाची बाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलेली मला सोसेना. मीही तशीच खाली बसले. मग त्यांनी हसून वेताच्या छोट्या टोपलीतून वाळवलेल्या कॉफीच्या बिया पुढे केल्या. त्या चावून खायच्या असतात. पाहुण्याचा पहिला मान तो.

घराभोवतीच्या केळबागेला तिकडे लुसुकू म्हणतात आणि ती बाईच्या हाताखाली असते. मटोकेची, म्हणजे हिरवीच शिजवायची, केळी वेगळी, भाजून खायची वेगळी, दारूची वेगळी. ज्याज्या प्रत्येक झाडाला हात लावून सांगत होत्या. एका झाडाशी थांबून त्यांनी दुबेळक्याची लांब काठी उचलली, केळफुलाच्या दांड्यात अडकवली आणि पिळून दांडा मोडून काढला. केळफूल मातीत पडलं. मी ते उचलून घेतलं आणि सिस्टरना म्हटलं, "हे टाकतात? आमच्याकडे याची भाजी करतात."

ज्याज्यांना ते पटेना. पण त्यांनी मोडण्याचं कारण नीट समजावून दिलं. 2001 पासून युगांडात केळींवर एक जिवाणूजन्य रोग आला आहे. पानं कोमेजतात, घड अवेळी पिकतो, खोड कापलं की पिवळा चीक येतो. केळफुलावर बसणारे कीटक तो झाडोझाड नेतात, म्हणून शेवटची फणी सुटली की केळफूल काढून टाकायचं. तेही कोयत्याने नाही, काठीने, कारण कोयत्यालाही रोग चिकटतो. एका कोपऱ्यात त्यांनी उपटून काढलेल्या झाडांची मोकळी जागा दाखवली. तिथे त्या गप्प झाल्या. वाडीतली केळ जाणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग आम्ही स्वयंपाकाला बसलो. ज्याज्या हिरवी केळी सोलत होत्या, पात्याच्या एका ओढीत साल खाली. सोललेली केळी केळीच्या पानांत बांधली, सोपटाच्या दोरीने आवळली, भांड्याच्या तळाशी पानांचे देठ अंथरून वर ती मोट ठेवली आणि वाफेवर चढवली. आमच्याकडे सुकेळीही केळीच्याच वाळल्या पानात बांधतात. ती गाठ मारताना माझे हात आपोआप चालले आणि ज्याज्यांनी मान डोलावली.

मटोके शिजायला वेळ लागतो. भिंतीवर युगांडाच्या हुतात्म्यांचं चित्र होतं. 3 जून 1886 रोजी राजा म्वांगाच्या हुकमाने नामुगोंगोला अनेक ख्रिश्चनांना जिवंत जाळलं. चार्ल्स ल्वांगा त्यांतलाच, आणि कोवळा किझिटोही. मी सिस्टरना आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांबद्दल सांगितलं, 1597 साली नागासाकीला क्रुसावर गेलेले. त्यावर सिस्टरनी जे सांगितलं ते मला रात्री झोपू देईना. इथे पहिले कॅथलिक मिशनरी 1879 मध्ये आले आणि 1882 च्या अखेरीस देश सोडून गेले. 1885 पर्यंत एकही फादर नव्हता. तेवढा काळ इथल्याच माणसांनी एकमेकांना शिकवलं, धर्म टिकवला. 1739 मध्ये पोर्तुगीज गेल्यावर आमच्या वसईनेही तो टिकवलाच. याच व्हिला मारियात 1913 साली पहिल्या दोन युगांडन फादरांना दीक्षा मिळाली आणि 1939 मध्ये मसाकाला जोसेफ किवानुका हे स्वतःचे बिशप लाभले. अशा लोकांना आम्ही कसली सेवा शिकवणार होतो?

तोवर मी केळफूल सोलून त्यातले ताठ दांडे आणि पापुद्रे काढून टाकले, उरलेलं मिठाच्या पाण्यात घातलं, उकळून कांदा-मिरचीवर परतलं. खोबरं नव्हतं, तेव्हा ज्याज्यांच्याच शेंगदाण्याचं कूट घातलं. मटोके पानासकट हातांनी दाबून मऊ केलं, ते पिवळंधमक झालं होतं. त्यावर शेंगदाण्याची गुलाबी आमटी. केळ्याला इतकी शांत, भरीव चव असते हे मला तिथे कळलं. बटाट्याशी त्याची तुलना करणाऱ्यांनी ते धड खाल्लेलं नसणार.

ज्याज्यांनी प्रार्थना म्हटली आणि माझी भाजी आधी चाखली. कडू आहे, म्हणाल्या, शेंगदाणे आणखी हवेत. मग वाटी पुढे करून पुन्हा घेतली. संध्याकाळी शेजारणी जमल्या तेव्हा त्यांनी सिस्टरना सगळी कृती माझ्याकडून नीट विचारून घ्यायला लावली, आणि एक अट स्वतःची घातली: केळफूल फक्त निरोगी झाडाचं, काठीनेच मोडलेलं, आणि चिरायचा सुरा आधी विस्तवात धरायचा.